रोज सप्लिमेंट घेताय? मग एवढं माहीत असू द्या

डबा घेताना बहुतेक ग्राहक आम्हाला एकच गोष्ट विचारतात: "वर्षानुवर्षे घेतलं तर किडनीला काही होणार नाही ना?" सगळ्या डब्यांना लागू पडेल असं एकच उत्तर यावर नाही. म्हणून डब्यांविषयी वेगवेगळंच बोलू.

क्रिएटिन
जोर लावताना स्नायूंना ऊर्जा पुरवणारा हा पदार्थ शरीरातही असतो. भीती सगळ्यात जास्त याचीच, आणि अभ्यासही याच्यावर भरपूर झालाय. निरोगी प्रौढांनी रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट घेतलं, तर पाच वर्षांपर्यंतच्या अभ्यासांत किडनीला इजा झाल्याचं दिसलेलं नाही. सुरुवातीला वजन किलो-दोन किलोने वाढतं, ते स्नायूंत साठलेलं पाणी असतं. पहिला आठवडा रोज २० ग्रॅम घेण्याची गरज नाही. रोजच्या साध्या मात्रेनेही तीन-चार आठवड्यांत स्नायू तेवढेच भरतात.

गोंधळ होतो तो रक्ताच्या रिपोर्टमध्ये. शरीरातल्या क्रिएटिनचं रोज थोडं थोडं क्रिएटिनिन होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. क्रिएटिन घेणाऱ्याचा किंवा भरपूर स्नायू असणाऱ्याचा हा आकडा किडनी ठणठणीत असतानाही वर जाऊ शकतो. ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचा अंदाज, त्याच आकड्यावरून काढतात, म्हणून तो खाली दिसतो. तेव्हा रक्त तपासायला जाताना क्रिएटिन घेत असल्याचं डॉक्टरांना सांगा. शंका राहिली तर ते सिस्टॅटिन-सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली किडनीची रक्ततपासणी) आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी सुचवू शकतात. मात्र आकडा वाढलेला दिसला की "क्रिएटिनमुळेच असेल" असं आपणच ठरवून गप्प बसू नका.

प्रोटीन पावडर
हे औषध नव्हे, खाद्यपदार्थच आहे. जेवण धरून दिवसाला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळाली, की त्याहून जास्त घेऊन बहुतेकांचे स्नायू आणखी वाढत नाहीत. ७० किलोच्या माणसासाठी हा हिशेब ११२ ग्रॅम होतो. आधी जेवणातली प्रथिनं मोजा, कमी पडतील तेवढीच डब्यातून घ्या. दोन स्कूपऐवजी एकावर भागत असेल तर आमची विक्री कमी होईल, होऊ द्या. व्हेने (दुधापासून केलेल्या प्रोटीन पावडरने) पोट फुगत असेल तर बहुधा लॅक्टोज ही दुधातली साखर सोसत नाही, ती जवळजवळ काढून टाकलेलं आयसोलेट घेऊन पाहा. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढीव प्रथिनं घेऊ नका. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी किडनीची तपासणी करून घ्या.

वजन वाढवण्यासाठीच्या गेनर पावडरमध्ये बहुतेक वेळा प्रथिनांपेक्षा कर्बोदकं कितीतरी जास्त असतात. बीसीएए (प्रथिनांतलीच तीन अमिनो आम्लं) प्रथिनं पुरेशी मिळणाऱ्याला लागत नाही.

प्री-वर्कआउट
व्यायामाआधी तरतरीसाठी घ्यायची ही पावडर. इथे आम्ही जरा हात आखडता घेतो. निरोगी प्रौढासाठी दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन ठीक मानतात. प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन सहज असतं, वर दोन-तीन कप कॉफी झाली की मर्यादा संपली. काही दिवसांनी एका स्कूपने "किक" येईनाशी होते आणि माणूस दुसरा टाकतो. लांबचा धोका या सवयीत आहे. अंगाला मुंग्या येतात त्या पावडरमधल्या बीटा-अ‍ॅलानिनमुळे, त्यांची काळजी नको. छातीत धडधड होत असेल किंवा झोप उडाली असेल तर मात्र डबा बंद. लेबलवर नुसतं "प्रोप्रायटरी ब्लेंड" लिहून प्रत्येक घटकाची मात्रा दिली नसेल, तर तो डबा आमच्याकडून तरी मागू नका.

आम्ही विकत नाही ते
स्नायू वाढवण्यासाठी घेतली जाणारी स्टेरॉइड, सार्म्स (स्नायूंवर स्टेरॉइडसारखंच काम करणारी रसायनं), आणि दोन आठवड्यांत शरीर बदलून देण्याची हमी देणारे डबे. स्टेरॉइडने शरीराची स्वतःची टेस्टोस्टेरॉन निर्मिती थंडावते, वीर्यातले शुक्राणू घटतात, चांगलं कोलेस्टेरॉल खाली येतं आणि गोळ्यांच्या रूपात घेतलं तर यकृतावर ताण येतो. सार्म्स घेतल्यावर यकृताला इजा झाल्याची प्रकरणंही नोंदली गेली आहेत. काही सप्लिमेंटमध्ये अशी द्रव्यं लेबलवर न लिहिता मिसळलेली सापडली आहेत. म्हणून स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासलेला माल घ्या आणि बॅच नंबर पाहा.

१८ वर्षांखालील मुलं, गरोदर किंवा स्तनपान करणाऱ्या स्त्रिया आणि नियमित औषधं घेणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद होऊ लागली तर सगळं थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. पावडर दुसऱ्या बरणीत काढून ठेवत असाल तरी मूळ डबा ती संपेपर्यंत टाकू नका. दवाखान्यात जाताना तो सोबत न्या, कारण आत काय होतं हे डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.