इंटरनेटचा स्पीड आणि घरातल्या वायफायचा स्पीड: दोन लॅपटॉपमध्ये मोठी फाइल पाठवताना कोणता मोजायचा?

घरात १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, स्पीड टेस्ट केली की ८० दिसतात. तरी एका लॅपटॉपवरचं ५० जीबीचं लग्नाचं शूटिंग शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपवर टाकायला पावणेतीन तास लागतात. यावर पहिला सल्ला मिळतो तो प्लॅन वाढवण्याचा. पण २०० चा घ्या नाहीतर ३०० चा, कॉपीच्या खिडकीतला आकडा जागचा हलत नाही. ती फाइल तुम्ही वाढवलेल्या रस्त्याने जातच नाही.

राउटरला दोन बाजू असतात. एक बाहेरची: राउटरपासून इंटरनेट कंपनीपर्यंत. दरमहा पैसे भरतो ते या बाजूचे, आणि प्लॅनचा आकडाही हिचाच. दुसरी आतली: राउटरपासून घरातल्या कॉम्प्युटर, टीव्ही, फोनपर्यंत. ती केबलने किंवा वायफायने जोडलेली असते आणि तिचा वेग ठरतो राउटर, लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड, अंतर आणि भिंती यांवर. कंपनीचा तिथे संबंध नाही. दोन्ही वेग एमबीपीएसमध्येच सांगतात आणि दोन्ही एकाच डब्याशी येऊन मिळतात, म्हणून गल्लत होते.

एका लॅपटॉपवर फोल्डर शेअर केलं आणि दुसऱ्यावरून ते उघडलं, की फाइल फक्त आतल्या बाजूने फिरते. बाहेरचं नेट बंद असलं तरी कॉपी चालू राहते आणि डेटाही खर्च होत नाही. दोन्ही लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर असतील तरी हेच लागू: त्या दोघांमधली देवघेव रोजच्या दीड-दोन जीबीतून कापली जात नाही.

गूगल ड्राइव्ह किंवा व्हॉट्सअ‍ॅपचं तसं नाही. तिथे फाइल आधी घराबाहेर सर्व्हरवर चढते, मग परत खाली उतरते. व्हॉट्सअ‍ॅपवर एका फाइलला २ जीबीची मर्यादा आहे, गूगलची फुकट जागा १५ जीबी आहे, त्यामुळे ५० जीबी तिथे मावणारही नाही. मावली असती तरी १०० एमबीपीएसवर चढायला एक तास सात मिनिटं आणि उतरायला तेवढीच. प्लॅनचा वेग खरोखर कामी येतो तो इथे. टेबलापलीकडच्या लॅपटॉपसाठी एवढा फेरा घालू नये.

आता एककाचा घोळ. प्लॅन आणि वायफायचे आकडे मेगाबिटमध्ये असतात. इंग्रजीत त्यातला बी छोट्या लिपीतला. कॉपीची खिडकी मेगाबाइट दाखवते, तिथे बी मोठा. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी. कॉपीच्या खिडकीत १२ दिसले की नेट आठपटीने कमी मिळतंय अशी तक्रार होते, ती इथूनच. विंडोजचा टास्क मॅनेजर त्याच वेळी त्याच कॉपीचा वेग मेगाबिटमध्ये दाखवत असतो, म्हणून दोन खिडक्यांतले आकडे जुळत नाहीत.

आतला वेग कुठे बघायचा? विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, आणि तिथे जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज. ‘लिंक स्पीड’ असं लिहिलेलं असतं, शिवाय बँड, म्हणजे वायफायची रेडिओ लहर, २.४ गिगाहर्ट्झची की ५ ची हेही कळतं. मॅकवर ऑप्शनचं बटण दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, ‘टीएक्स रेट’ दिसेल. साधारण आकडे (एमबीपीएसमध्ये; वायफायपुढचा अंक म्हणजे त्याची पिढी) असे: दोन अँटेनांचं वायफाय ४ कार्ड २.४ वर, २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलमध्ये (बँडमधल्या एका पट्ट्यात) १४४ दाखवतं. वायफाय ५ चं कार्ड ५ गिगाहर्ट्झवर, ८० मेगाहर्ट्झमध्ये ८६७. वायफाय ६ तेवढ्याच रुंदीत १२०१. हातात प्रत्यक्ष पडतं ते यातलं निम्मं ते साठ टक्के. बाकीचं पोचपावत्या, थांबे आणि फेरपाठवणीत जातं. हे प्रत्येक वायफायचं असतं, त्याला बिघाड समजू नये.

याहून मोठी कपात मात्र सहसा कुणी सांगत नाही. दोन्ही लॅपटॉप वायफायवर असले तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो: पहिल्या लॅपटॉपकडून राउटरकडे, आणि राउटरकडून दुसऱ्याकडे. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, त्यामुळे वेग पुन्हा निम्मा होतो. स्पीड टेस्टमध्ये हे कधीच दिसत नाही, कारण तिथे हवेतला प्रवास एकदाच असतो. म्हणून टेस्ट झकास आणि कॉपी रेंगाळलेली, असं एकाच वेळी होऊ शकतं.

त्याच ५० जीबीचा हिशोब मांडू. दोघेही २.४ वर, लिंक १४४: हाती ८० एमबीपीएस, त्याचे निम्मे ४०, म्हणजे सेकंदाला ५ एमबी. हेच ते पावणेतीन तास. दोघेही ५ गिगाहर्ट्झवर, लिंक ८६७: हाती ५००, निम्मे २५०, सेकंदाला ३० एमबीच्या आसपास, साधारण २८ मिनिटं. यातला एक गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसच्या) केबलने राउटरला जोडला की हवेतला प्रवास एकच उरतो: सेकंदाला ६० एमबी, १४ मिनिटं. दोघेही केबलवर: सेकंदाला ११० एमबी, आठ मिनिटांच्या आत. या चारही वेळांत प्लॅन कितीचा आहे याने मिनिटाचाही फरक पडला नाही.

यावरून पैसे न लागणारे दोन उपाय निघतात. दोन्ही लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर आणा आणि राउटरच्याच खोलीत बसा. ५ गिगाहर्ट्झ विटांच्या एका भिंतीतून जातं, दोन भिंतींनंतर बरंच मंदावतं. काही राउटर दोन्ही बँडना एकच नाव देतात आणि लॅपटॉप गुपचूप २.४ वर जाऊन बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं देऊन टाका. दुसरा उपाय म्हणजे निदान एका लॅपटॉपला केबल.

केबल घेतानाही एक फसगत आहे. स्वस्त राउटरचे पोर्ट पुष्कळदा १०० एमबीपीएसचेच असतात. त्यांत केबल लावली तर सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर जाता येत नाही आणि ५ गिगाहर्ट्झचं वायफायच जास्त वेगवान ठरतं. पोर्ट गिगाबिट असूनही लिंक स्पीड १०० दाखवत असेल तर केबल तपासा. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. त्यामुळे बाकीच्या चारांतली एखादी तार तुटली किंवा क्रिंपिंग, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवणं, नीट झालं नसेल तर जोडणी न तुटता गुपचूप १०० वर उतरते. कॅट ५ई ची चांगली केबल घरासाठी पुरेशी आहे.

राउटर अजिबात नको असेल तर एकच केबल दोन लॅपटॉपमध्ये थेट लावा. गिगाबिट पोर्टना त्यासाठी तारा उलटसुलट जोडलेली खास क्रॉस केबल लागत नाही. दोघे आपापला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतात आणि त्या पत्त्यावरून फोल्डर उघडता येतं. नियमित मोठ्या फाइली हलवायच्या असतील तर याहून चांगला मार्ग घरात नाही.

जोडणी वेगवान असूनही अडतं ते बहुतेक ठरलेल्या ठिकाणी. दुसरा लॅपटॉप दिसतच नसेल तर आधी बघा की विंडोजने नेटवर्क ‘पब्लिक’ धरलंय का. ते ‘प्रायव्हेट’ करा आणि फाइल शेअरिंग सुरू करा. गेस्ट वायफायवर असाल तर राउटर उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही. दोघेही मुख्य नावावर हवेत. ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर घरातली वाहतूकही त्यात ओढली जाऊ शकते, तेव्हा तेवढ्यापुरतं बंद करा. नाव-पासवर्ड मागितला तर ज्याचं फोल्डर आहे त्या लॅपटॉपच्या खात्याचा पासवर्ड द्यायचा. चार आकडी पिन तिथे चालत नाही.

कॉपी झपाट्याने सुरू होऊन काही सेकंदांत घसरते, तेव्हा दोष बहुधा वायफायचा नसतो. सुरुवातीचा डेटा समोरच्या कॉम्प्युटरच्या मेमरीत जातो, ती भरली की डिस्कचा खरा वेग उघडा पडतो. फिरत्या हार्ड डिस्कला सेकंदाला १०० एमबी जमतात, पण तीच डिस्क यूएसबी २ पोर्टला लावली असेल तर ३०-४० वर अडते. फाइल ४ जीबीपेक्षा मोठी आहे आणि जागा मोकळी असूनही घेत नाही, तर डिस्क फॅट३२ या जुन्या फॉरमॅटची आहे. ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी लागेल, अर्थात आतलं सगळं दुसरीकडे काढून ठेवल्यावर.

वीस हजार फोटोंचं फोल्डर तेवढ्याच आकाराच्या एका व्हिडिओपेक्षा कितीतरी हळू जातं, कारण प्रत्येक फाइलसाठी उघडणं, परवानगी तपासणं, बंद करणं हे बोलणं नव्याने होतं. सगळे फोटो एका झिपमध्ये बांधा, पण कॉम्प्रेशन न करता. जेपीजी आधीच दाबलेले असतात, पुन्हा दाबण्यात नुसता वेळ जातो. झिप करायचं नसेल तर विंडोजमधलं रोबोकॉपी हे आज्ञा लिहून चालवायचं साधन एकाच वेळी अनेक फाइली पाठवू शकतं, आणि मध्येच तुटलं तर तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर पोचलेल्या फाइली सोडून पुढच्या घेतं. लिनक्स आणि मॅकवर आरसिंकही तसंच पोचलेल्या फाइली सोडून पुढच्या घेतं.

सुरू करण्याआधी दोन्ही लॅपटॉप चार्जरला लावा आणि स्लीप बंद करा. अर्ध्यावर तुटलेल्या कॉपींमागे बऱ्याचदा झोपी गेलेला लॅपटॉप असतो. काम झाल्यावर मूळ फाइल लगेच पुसू नका. दोन्हीकडे आकार बाइटपर्यंत जुळतो का बघा, आणि ऐवज परत न मिळणारा असेल तर दोन्ही प्रतींचा एसएचए २५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा लांब आकडा) काढून ताडून घ्या. ५० जीबीला त्यासाठी थोडी मिनिटं जातात. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले की मगच पहिल्या लॅपटॉपवरची जागा मोकळी करा.