कवकविषे (धान्य व पशुखाद्यातील)

धान्य, पेंड किंवा वैरण यांवर वाढणाऱ्या काही बुरशी विषारी रसायने तयार करतात. त्यांना कवकविषे किंवा मायकोटॉक्सिन म्हणतात. बुरशी पाखडून, चोळून किंवा उन्हात घालून गेली, तरी विष दाण्यात मुरलेले राहते. भाकरी तव्यावर भाजल्याने किंवा दूध उकळल्यानेही ते पुरते नाहीसे होत नाही.

या विषांचा आधुनिक अभ्यास सुरू झाला तो १९६० साली. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. दोष निघाला त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीत. अ‍ॅस्परजिलस फ्लेवस या बुरशीच्या त्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. त्याचा बी-१ हा प्रकार यकृताचा कर्करोग घडवतो. फ्युजेरियम गटातील बुरशी मका व ज्वारीत फ्युमोनिसिन तयार करतात. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी व जुलाब झाले, त्यामागे हेच विष होते. बाजरीच्या कणसात दाण्यांऐवजी विषारी गाठी धरणारी अरगट ही बुरशी असाच एक जुना शत्रू. बियाणे २० टक्के मिठाच्या पाण्यात बुडवले की अरगटाच्या गाठी वर तरंगतात आणि काढून टाकता येतात.

सोलापूर जिल्ह्याची गोष्ट थोडी उलटी आहे. इथली मुख्य ज्वारी रब्बीची. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी असो की मंगळवेढ्याची भौगोलिक मानांकन मिळालेली ज्वारी, ती काळ्या रानातील ओलाव्यावर वाढते आणि कोरड्या हवेत पक्व होते. दाणा पांढराशुभ्र राहतो तो यामुळेच. खरिपाची ज्वारी ऐन कणसात पावसात सापडून काळी पडते. तो धोका इथे सहसा टळतो. टळतो म्हणायचे ते अवकाळी पाऊस आला नाही तरच. शिवाय पेवाच्या, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतील खड्ड्याच्या, कडेला ओल लागली, की तिथली ज्वारी कुबट होते. साठवणीसाठी दाण्यातील ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो.

ज्वारीला तारणारा हाच कोरडेपणा भुईमुगाला मात्र मारक ठरतो. शेंगा भरताना पाण्याचा ताण पडला, की बुरशी जमिनीतच शेंगेत शिरते. शेंगदाण्याच्या चटणीसाठी प्रसिद्ध असलेल्या या भागात दाणे भाजण्याआधी सुरकुतलेले, काळपट आणि खवट दाणे निवडून काढले जातात. ही सवय चवीपुरती नाही, कारण बहुतेक विष अशाच मोजक्या दाण्यांत एकवटलेले असते.

खरी गफलत गोठ्यात होते. माणसाने नाकारलेले काळे धान्य, बुरसटलेली पेंड किंवा वरून हवा लागलेला मुरघास (हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण) ‘जनावरांना चालतो’ म्हणून दावणीला जातो. गाईच्या यकृतात अफ्लाटॉक्सिन बी-१ चे एम-१ या दुसऱ्या रूपात रूपांतर होते आणि खाद्यातील बी-१ चा साधारण एक ते दोन टक्के हिस्सा दुधात उतरतो. भरपूर दूध देणाऱ्या गाईत त्याहूनही अधिक. दुधात तो एका दिवसातच दिसू लागतो आणि ते खाद्य बंद केले, की काही दिवसांत ओसरतो. म्हणजे घरच्या ताटातून काढलेले विष पेल्यातून परत येते. कोंबड्यांची वाढ खुंटते, अंडी घटतात. बदके तर फारच लवकर दगावतात.

भारतात तृणधान्यांत एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, तर दुधातील एम-१ ची ०.५ मायक्रोग्रॅम आहे. पशुखाद्यात मिसळल्या जाणाऱ्या बेंटोनाइटसारख्या मातीला, म्हणजे ‘टॉक्सिन बाइंडर’ला, अफ्लाटॉक्सिन बऱ्यापैकी चिकटते, फ्युजेरियमच्या काही विषांवर तिचा फारसा उपयोग होत नाही. तपासणीत अडचण नमुन्याची असते. हजारो दाण्यांत एखादाच विषारी निघतो, त्यामुळे पोत्याच्या तोंडाशी हात घालून काढलेली ओंजळ निर्दोष ठरली, तरी तळाशी काय आहे ते कळत नाही. बंबू, म्हणजे दाणे काढायची टोकदार पोकळ नळी, पोत्यात ठिकठिकाणी खुपसून काढलेले दाणे एकत्र दळूनच नमुना घ्यावा लागतो.