लेनिन शिखर ‘नुसतं चालत’ होतं का?

‘लेनिन शिखर म्हणजे सात हजार मीटरवरच्या शिखरांतलं सगळ्यात सोपं, चालता येत असलं की झालं!’ किर्गिझस्तानच्या ७१३४ मीटर उंच शिखराबद्दलचा हा समज अर्धवट आहे. नेहमीच्या वाटेवर अवघड कातळारोहण नाही, एवढंच त्यात खरं.

खरी मेख कॅम्प एक (सुमारे ४४०० मीटर) आणि कॅम्प दोन (सुमारे ५३००) यांच्यामधल्या हिमनदीत आहे. ताज्या बर्फाखाली भेगा झाकल्या जातात, वर पाऊलवाट मात्र साबूत दिसते. म्हणून हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) घालून, एकमेकांना दोराने बांधून आणि मध्यरात्रीनंतर लगेच निघतात. ऊन चढलं की भेगांवरचे बर्फाचे पूल भुसभुशीत होतात. दोर हातात गुंडाळून चालणं म्हणजे तो नसल्यासारखाच. क्रॅम्पॉन (बुटांखाली लावायचे धातूचे काटे) बेस कॅम्पवरच बुटांना बसवून पाहावेत.

१९९० मध्ये भूकंपाने सुटलेल्या हिमप्रपातात कॅम्प दोनवरचे ४३ जण गेले. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून आधी ६१०० मीटरपर्यंत जाऊन खाली उतरायचं, विश्रांती घ्यायची, मगच शिखराकडे. घाईत हाच फेरा गाळला जातो.