वल्हांडण आणि ईस्टर : तारखांची फारकत

वल्हांडण म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून इस्राएल लोकांची सुटका झाल्याचा यहुदी सण. मिसरातली शेवटची रात्र, चौकटीला लावलेले रक्त, बेखमीर भाकर, हे सारे ठाऊकच आहे. वल्हांडण आणि ईस्टर यांच्या नात्यातला घोळ सुरू होतो शब्दापासून. हिब्रू 'पेसाख' अरामीतून ग्रीकमध्ये 'पास्खा' होऊन आला आणि यहुद्यांचा वल्हांडण व ख्रिस्ती लोकांचा पुनरुत्थानाचा सण, दोन्हींना तेच नाव पडले. दुसऱ्या शतकात तर त्याचा संबंध 'सोसणे' या ग्रीक क्रियापदाशी जोडला गेला. व्युत्पत्ती चुकीची, पण उपदेशाला सोयीची. मराठी बायबलने 'ओलांडून जाणे' हा अर्थ धरून 'वल्हांडण' घेतला. ईस्टरचे नाव वेगळे राहिले, त्यामुळे नावावरून मराठी वाचकाला तारखेवरच्या जुन्या तंट्याचा सुगावाच लागत नाही.

आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) ख्रिस्ती मंडळ्या वार कोणताही असो, निसान या यहुदी चांद्र महिन्याच्या 14 तारखेलाच पास्खा पाळत. रोममध्ये रविवारचाच आग्रह. इ.स. 190 च्या सुमारास रोमच्या बिशपाने 14 तारीखवाल्यांना मंडळीबाहेर घालवायचे ठरवले, तेव्हा रविवार पाळणाऱ्या काही बिशपांनीच त्याचे कान उपटले. 14 तारखेची बाजू कच्ची नव्हती. योहानाच्या शुभवर्तमानानुसार येशूला वधस्तंभावर दिले ते तयारीच्या दिवशी, म्हणजे यरुशलेमच्या मंदिरात वल्हांडणाची कोकरे कापली जात त्याच दिवशी, 14 तारखेला. मत्तय, मार्क, लूक यांच्यानुसार मात्र शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन, म्हणजे मृत्यू 15 तारखेला. आजचे यहुदी पंचांग मागे फिरवून हा पेच सुटत नाही: आजच्या नियमांत 15 निसान सोमवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊच शकत नाही, आणि पहिल्या शतकात महिना चंद्र दिसण्यावर ठरे.

325 मध्ये नायकिया इथल्या बिशपांच्या परिषदेने सर्वांसाठी एकच रविवार ठरवला आणि यहुदी गणनेवर विसंबणे थांबवले. परिषदेनंतर सम्राट कॉन्स्टंटाइनने लिहिलेल्या पत्रातली यहुद्यांविषयीची भाषा पाहता हा केवळ गणिताचा प्रश्न होता असे म्हणवत नाही. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हे सूत्र अलेक्झांड्रियाच्या गणितातून पुढे रूढ झाले. यातली पौर्णिमा आकाशातली नव्हे, कोष्टकातली. म्हणून 2019 मध्ये खरी पौर्णिमा 21 मार्चला असूनही ईस्टर 21 एप्रिलला आला.

यहुदी पंचांगात 19 वर्षांत 7 अधिक महिने येतात, आपल्या अधिक मासासारखेच. या 19 वर्षांच्या चक्राच्या 8 व्या, 11 व्या आणि 19 व्या वर्षी वल्हांडण पाश्चात्य ईस्टरच्या साधारण महिनाभर नंतर पडतो. 2024 मध्ये ईस्टर 31 मार्चला झाला, वल्हांडण 22 एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झाला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या बहुतांशी जुन्या ज्युलियन पंचांगाच्या गणनेवर आहेत; ती आता 13 दिवस मागे असल्याने त्यांचा ईस्टर आपसूकच वल्हांडणानंतर येतो. 2025 मध्ये मात्र दोन्हीकडचा ईस्टर 20 एप्रिललाच होता.

अलीकडे काही मंडळ्या पवित्र गुरुवारी (ईस्टरआधीच्या गुरुवारी) आजचे यहुदी 'सेदेर', म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीचे विधिवत भोजन, मांडून 'प्रभूने हेच केले' असे सांगतात. इ.स. 70 मध्ये मंदिर पडले आणि तिथला कोकराचा बळी थांबला. आज वाचला जाणारा सेदेरचा विधी आकाराला आला तो त्यानंतर. सेदेरमध्ये द्राक्षारसाचे चार प्याले घेण्याचा नियम लिखित स्वरूपात सापडतो तोसुद्धा इ.स. 200 च्या आसपास.