स्वतःचा लेट आणि उसना लेट

मेट्रो मधेच थांबली की डब्यात दोन पक्ष पडतात, एक म्हणतो सिग्नल गेला असणार, दुसरा म्हणतो गाडीच बिघडली, आणि बरेचदा दोघंही चुकतात कारण ते ज्या गाडीत बसलेत तिला काहीच झालेलं नसतं. झालेलं असतं पुढच्या गाडीला.

सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावरची लाइन आठवा. पहिल्या माणसाचं यूपीआय अडकलं, तो मोबाइल वर धरून रेंज शोधतोय. हा त्याचा स्वतःचा लेट. त्याच्या मागचा भाऊ हातात सुट्टे घेऊन तयार उभा आहे तरी थांबलाय, त्याचा लेट उसना.

स्वतःच्या लेटची कारणं आपल्याला दिसतात तरी. कुणाची बॅग दारात अडकली की दार परत उघडतं आणि सगळी दारं लॉक झाल्याशिवाय गाडी हलत नाही, कुणी उगाच इमर्जन्सीचं बटण दाबतं, ब्रेक नीट सुटत नाही, संक्रांतीत मांजा वरच्या तारेवर जाऊन पडतो (त्या तारेत 25 हजार व्होल्ट असतात पण पोट्टे ऐकतात कुठे). केबलचोरी पण यातच धरा. डिसेंबर 2024 मध्ये दिल्लीच्या ब्लू लाइनवर मोतीनगर आणि कीर्तीनगरच्या मधे केबल चोरीला गेली, गाड्या हळू चालवाव्या लागल्या त्या तेवढ्याच तुकड्यात, पण खोळंबा झाला पूर्ण लाइनचा, म्हणजे बाकी सगळा लेट उसनाच होता.

आता हा उसना लेट किती पसरणार ते बिघाडाच्या आकारावर कमी आणि दोन गाड्यांमधल्या अंतरावर जास्त ठरतं. लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनवर गर्दीच्या वेळी तासाला 36 गाड्या धावतात, म्हणजे दर 100 सेकंदांना एक. तिथे एका गाडीनं प्लॅटफॉर्मवर 40 सेकंद जास्त खाल्ले की मागचीला बोगद्यात ब्रेक लावावा लागतो, कारण पुढच्या गाडीपासून सेफ अंतर राहील एवढंच पुढे जायची परवानगी सिग्नलिंग देतं. आपल्याकडे नागपूर मेट्रोत समजा दोन गाड्यांत दहा मिनिटं आहेत, तर मागच्या गाडीला ते 40 सेकंद कळणार पण नाहीत. गाड्या कमी आहेत म्हणून आपण कुरकुर करतो (मी पण करतो) पण छोटे लेट त्याच मोकळ्या जागेत जिरतात.

यात एक गोम आहे. लेट झालेली गाडी आणखी लेट होत जाते, कारण ती येईपर्यंत पुढच्या स्टेशनवर जास्त माणसं जमतात, चढायला उतरायला वेळ लागतो, आणि मागची गाडी रिकामी रिकामी तिच्या पाठीला येऊन चिकटते. मग कंट्रोल रूमवाले कधी कधी लेट गाडीच्याही पुढच्या, अगदी वेळेवर धावणाऱ्या गाडीला मुद्दाम थांबवून ठेवतात म्हणजे अंतर सारखं होतं. त्या गाडीतला माणूस म्हणणार काऊन थांबवली बे, काही बिघडलं तर नाही! आणि खरंच काही बिघडलेलं नसतं.

रेल्वेचं म्हणाल तर तिथे उसना लेट यायच्या वाटा फार. आपल्या नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगवर हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मार्ग एकमेकांना रुळावरच कापतात, एका मार्गाची गाडी क्रॉसिंगवर असली की दुसरीला थांबावंच लागतं, वर मालगाड्याही त्याच रुळांवर. मेट्रोच्या ऑरेंज आणि ॲक्वा लाइन पण सीताबर्डीला एकमेकींना ओलांडतात पण वेगवेगळ्या मजल्यांवरून, त्यामुळे एकीच्या गाडीपायी दुसरीची गाडी अडत नाही.

माणूस मात्र अडतो. प्रजापतीनगरहून निघालात, ॲक्वाची गाडी दोन मिनिटं उशिरा सीताबर्डीला आली, तुम्ही जिन्यावर असताना ऑरेंजची खापरीला जाणारी गाडी वेळेवर सुटून गेली. मेट्रोच्या हिशोबात लेट दोनच मिनिटांचा, तुमच्या हिशोबात पुढची खापरी येईपर्यंतचा.