‘कामाला लागा’ हे कधी सांगायचं? विरोधकाच्या मतदारसंघातल्या उमेदवारीची पार्श्वभूमी

पुण्याच्या राजकारणात उमेदवारी दोनदा मिळते. एकदा ती तोंडी मिळते. नेता इच्छुकाला बाजूला घेतो आणि म्हणतो, ‘कामाला लागा.’ दुसऱ्यांदा मिळते ती एबी फॉर्मच्या, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या पत्राच्या रूपाने, आणि तो फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचला तरी चालतो. जागा पक्षाकडेच असेल तर या दोन्हींमधलं अंतर फारसं जाणवत नाही, कारण विद्यमान आमदार वर्षभर लोकांसमोर असतोच. जागा विरोधकाकडे असेल, तर मात्र सगळा खेळ या अंतरावर असतो.

आधी कायद्याचं बघू. अधिसूचना निघाल्यापासून अर्ज भरायला सात दिवस, दुसऱ्या दिवशी छाननी आणि त्यानंतर दोन दिवसांत माघार. माघारीनंतर मतदानापर्यंत किमान वीस दिवस मिळायचे, ते १९९६ च्या दुरुस्तीने चौदावर आले. तीन-साडेतीन लाख मतदारांच्या मतदारसंघात चौदा दिवसांत नवखा माणूस घराघरांत पोहोचेल, ही अपेक्षा मला कधीच पटलेली नाही. त्यात उमेदवाराच्या खर्चाचा हिशोब अर्ज भरल्याच्या दिवसापासून धरला जातो. म्हणजे आधीची दोन वर्षं कामात घालवण्यात कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी असते ती पक्षांतूनच.

पुण्यात प्रस्थापिताला आव्हान कसं उभं करायचं, याचं जुनं आणि अजूनही उपयोगी उदाहरण १९५७ चं आहे. ६ फेब्रुवारी १९५६ ला टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, आणि निवडणूक आली ती पुढच्या वर्षी. लोकसभेला समोर होते काकासाहेब गाडगीळ. केंद्रात मंत्रिपद भूषवलेले, मोठ्या मानाचे आणि स्वतः संयुक्त महाराष्ट्राची बाजू मांडणारे. त्यांना हरवलं प्रजासमाजवादी नानासाहेब गोरे यांनी. लाट होती हे खरंच. पण समितीत एकमेकांशी न पटणारे पक्ष होते, आणि तरीही वर्षभर हातात असल्यामुळे एका जागी एकच उमेदवार हे सूत्र त्यांना बसवता आलं. गोरेही आयत्या वेळी आणलेले नव्हते. गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला होता आणि शहर त्यांना ओळखत होतं.

आता कसब्याकडे येतो, कारण या विषयावर पुण्यातला सगळ्यात बोलका मतदारसंघ तोच आहे. १९९५ पासून भाजपचे गिरीश बापट इथून सलग पाच वेळा निवडून आले. त्या काळात बापटांना खऱ्या अर्थाने घाम फुटला तो २००९ ला, जेव्हा मनसेकडून उभे राहिलेले नगरसेवक रवींद्र धंगेकर आठ हजारांच्या आसपास मतांनी मागे राहिले. काँग्रेसचे रोहित टिळक त्यांच्या अगदी पाठोपाठ होते. २०१४ ला धंगेकर पुन्हा उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर गेले. कागदावर बघणारा म्हणेल, हा माणूस संपला. पेठांतल्या माणसाला विचारलं असतं तर वेगळं उत्तर मिळालं असतं. वाड्यातली ड्रेनेज लाइन तुंबली तर कोण येतं, हे तिथे लोकांना पाठ असतं. २०१९ ला काँग्रेसने अरविंद शिंदे यांना तिकीट दिलं आणि भाजपच्या मुक्ता टिळक सुमारे २८ हजारांनी जिंकल्या. टिळक यांच्या निधनानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये पोटनिवडणूक लागली. तेव्हा काँग्रेसकडे आलेल्या धंगेकरांना महाविकास आघाडीची एकत्रित उमेदवारी मिळाली आणि त्यांनी हेमंत रासने यांना सुमारे ११ हजारांनी हरवलं. भाजपमधली नाराजी, आघाडीची एकी ही कारणं खरी आहेत, पण त्यांचा फायदा उचलायला चौदा वर्षं त्या गल्ल्यांत फिरलेला माणूस हाताशी असावा लागतो. नवं नाव शोधत बसलेल्या पक्षाला तो फायदा उचलता आला नसता.

बारामतीत नेमकं उलटं झालं. लोकसभेला २००९ मध्ये सुप्रिया सुळे तीन लाखांहून जास्त मतांनी जिंकल्या होत्या. २०१४ ला महायुतीने महादेव जानकर यांना उभं केलं आणि हा फरक सत्तर हजारांच्या आत आला. मोदी लाटेचा वाटा मोठा होताच. तरी इतक्या जवळ आलेल्या माणसालाच ‘इथेच थांबा, पाच वर्षं काम करा’ असं सांगणं साधं शहाणपणाचं होतं. पण २०१९ ला नाव बदललं. कांचन कुल आल्या आणि फरक दीड लाखावर गेला. २०२४ ला पुन्हा नवं नाव आलं, सुनेत्रा पवार यांचं, आणि फरक तेवढाच राहिला. तीन निवडणुका, तीन उमेदवार, तिन्ही वेळा शून्यापासून सुरुवात.

मधल्या काळात भाजपने तयारी केली नाही असं नाही. हरलेल्या जागांवर केंद्रीय मंत्र्यांना प्रवासाला पाठवण्याची योजना त्यांनी आखली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये निर्मला सीतारामन बारामतीत तीन दिवस होत्या. बूथ, बैठका, लाभार्थ्यांच्या याद्या, सगळं झालं. चेहरा मात्र ठरला नव्हता. पुढे राष्ट्रवादी फुटली, जागा मित्रपक्षाकडे गेली आणि ३० मार्च २०२४ ला नाव जाहीर झालं. मतदान होतं ७ मेला. संघटना दीड वर्ष आधी कामाला लागली आणि उमेदवार सव्वा महिना आधी, हा क्रम मला मुळातच चुकीचा वाटतो. कार्यकर्ता मत मागतो ते कुणाच्या तरी नावाने.

विधानसभेला तर घाई आणखी मोठी. सांगली जिल्ह्यातले गोपीचंद पडळकर सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस भाजपमध्ये आले आणि त्यांना अजित पवारांसमोर बारामतीत उभं केलं. मतदान २१ ऑक्टोबरला होतं. अनामत रक्कम जप्त झाली.

मग पक्ष नावं आधी का सांगत नाहीत? एक भीती म्हणजे नाव फुटलं की बाकीचे इच्छुक बिथरतात. पण महाराष्ट्रात त्याहून मोठी अडचण जागावाटपाची आहे. जागा कुणाला सुटणार हेच शेवटच्या आठवड्यापर्यंत ठरत नाही, तर ‘कामाला लागा’ म्हणणार कोण कुणाला? चिंचवडमध्ये २०१९ ला अपक्ष राहुल कलाटे यांनी लाखाहून जास्त मतं घेतली होती. २०२३ च्या पोटनिवडणुकीत आघाडीने राष्ट्रवादीचे नाना काटे यांना दिलं. कलाटे पुन्हा अपक्ष राहिले, चाळीस हजारांवर मतं घेऊन गेले आणि अश्विनी जगताप ३६ हजारांनी जिंकल्या. कसब्यात ज्या दिवशी एकी फळली, त्याच दिवशी शेजारी बंडखोरी नडली.

उशिरा आलेलं नावही जिंकतं, हे खडकवासल्याने दाखवलं आहे. २००९ ला काँग्रेसची उमेदवारी न मिळाल्याने रमेश वांजळे मनसेत गेले आणि आमदार झाले. पण तिथे उशिरा आला तो पक्ष. माणूस आधीपासून गावागावांत होता. त्यांच्या निधनानंतर २०११ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीने त्यांच्या पत्नीला उमेदवारी दिली, सहानुभूती होती, आणि तरी धनकवडीचे भाजप नगरसेवक भीमराव तापकीर निवडून आले. ती जागा त्यांनी २०२४ पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीत राखली.

अलीकडे एक वेगळा प्रयोग मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये झाला. १७ ऑगस्ट २०२३ ला भाजपने मध्य प्रदेशात ३९ आणि छत्तीसगडमध्ये २१ नावं जाहीर केली, तीही पक्षाकडे नसलेल्या जागांची. निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला तो ९ ऑक्टोबरला. पक्षाने सगळ्यात आधी अवघड जागांची नावं सांगावीत, हे आपल्याकडे उलटं चालतं. सुरक्षित जागांच्या याद्या पहिल्या येतात आणि अवघड जागा शेवटच्या रात्रीपर्यंत लटकतात. २०१९ ला पुणे लोकसभेसाठी काँग्रेसने मोहन जोशी यांचं नाव अर्ज भरायला मोजके दिवस उरले असताना दिलं, तोवर बापटांचा प्रचार सुरू झाला होता. बापट तीन लाख चोवीस हजारांनी जिंकले.

दोन महिने आधी नाव सांगणं हेही माझ्या मते अपुरंच. विरोधकाच्या जागेवरचा उमेदवार ठरवायची खरी वेळ म्हणजे मागच्या निकालानंतरचे सहा महिने, आणि पहिला विचार व्हावा तो हरलेल्याचाच. त्याच्याकडे बूथनिहाय आकडे असतात, कुठे कमी पडलो हे त्याला टोचत असतं. इंदापुरात दत्तात्रय भरणे २००९ ला अपक्ष म्हणून हर्षवर्धन पाटलांकडून हरले आणि २०१४ ला त्यांनाच हरवून आमदार झाले. आणि कसब्यात, मार्च २०२३ ला हरलेल्या रासनेंनाच भाजपने नोव्हेंबर २०२४ ला परत उभं केलं. समोर तेच धंगेकर होते, त्याच पेठा, तेच वाडे. वीस महिन्यांनी रासने १९ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले.