नोटाला जास्त मते पडली तर फेरमतदान होते का?

लोकसभेचा प्रचार सुरू झाला की, उजनीच्या पाण्यावरून वा थकलेल्या ऊसबिलावरून संतापलेल्या सोलापूरच्या शेतकऱ्यांमध्ये ‘नोटा (वरीलपैकी कोणीही नाही) पहिला आला तर निवडणूकच रद्द होते’ असा समज पसरतो. तो चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून मत दिले जाणे मला फार गंभीर वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानंतर मतदानयंत्रावर, उमेदवारांच्या यादीखाली, नोटाचे बटण आले. परंतु नोटाची मते कितीही असली तरी उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाराच खासदार होतो, आणि अनामत वाचवण्यासाठी लागणाऱ्या एक षष्ठांश मतांच्या हिशेबातही ती धरली जात नाहीत. राज्य निवडणूक आयोगाचा फेरनिवडणुकीचा २०१८चा आदेश केवळ स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता आहे.